हातात किती पडतात?

पॅकेजचा आकडा आता लग्नाच्या बोलणीतही सांगितला जातो. बारा लाख म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात बाराने भागतो आणि महिना लाख रुपये धरून मोकळा होतो. घरकर्जाचा हप्ताही मग त्याच हिशेबाने झेपेलसा वाटतो. पण हा आकडा कंपनीला पडणाऱ्या खर्चाचा असतो, माणसाच्या मिळकतीचा नव्हे.

मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना ५०,००० धरू. त्यावर कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाला ७२,००० होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. हे दोन्ही सहसा पॅकेजमध्येच मोजतात, पगारात मात्र येत नाहीत. उरले १०,९९,१४०, महिन्याला ९१,५९५. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात जमा होतात ८५,३९५. आयकर अजून आलाच नाही, आणि येणारही नाही: २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट घेतल्यावर उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिलं, तर पगारदाराचा कर सवलतीमुळे शून्य होतो. म्हणजे आयकराचा एक रुपया न कापताच लाखाचे पंच्याऐंशी हजार झाले. लोक कराच्या नावाने बोटं मोडतात. इथे तफावत पडली ती आकडा सांगण्याच्या पद्धतीमुळे.

म्हणून कपात किती झाली, याच्याइतकंच ती कुठे गेली हेही विचारायला हवं. पीएफ आपलाच आहे, व्याजासह परत येणारा. तो गेला म्हणून हळहळण्याचं कारण नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत तिचा हक्क साधारणपणे पाच वर्षं सलग काढल्यावर मिळतो. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलाला ही रक्कम दरवर्षी पॅकेजमध्ये मोजून दाखवायची आणि जाताना हातावर काहीच ठेवायचं नाही, हे मला सरळ व्यवहाराचं वाटत नाही. नियुक्तिपत्रात दरमहा हातात पडणारी रक्कम पहिल्या ओळीत लिहिलीच पाहिजे.

पगारपत्रकातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ व्यवसाय कराची. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. इतक्या छोट्या रकमेकडे कोण बघतो? पण महाराष्ट्रात १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात जी कल्पना आधी करून पाहिली, ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायामाणसांच्या मजुरीत शहरातल्या पगारदाराचा वाटा असावा, असा तो विचार होता, आणि करातून जमेल तेवढीच भर सरकारनेही घालायची होती. मागेल त्याला काम देण्याचा कायदा देशाने २००५ मध्ये केला. महाराष्ट्राने तो १९७७ मध्येच केला होता. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकातून दुष्काळी गावातल्या मजुरापर्यंत गेलेली ही वाट मला फार मोलाची वाटते. शाळेत ती कुणी शिकवत नाही, आणि पहिला पगार घेणाऱ्या मुलाला ती कपात भुर्दंडच वाटते.

मात्र या कराला एक जुनं दुखणं आहे. वर्षाला २,५०० ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे, १९८८ च्या दुरुस्तीने घातलेली. त्याआधी ती २५० होती. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, मर्यादा जागची हलली नाही. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना आता हा कर माफ आहे, ते योग्यच झालं. पण पंधरा हजार कमावणारा पुरुष महिन्याला २०० भरतो आणि पाच लाख कमावणाराही २००च भरतो. पंधरा हजारांच्या घरात त्या दोनशेचं दूध येतं. वरच्या पगारांसाठी ही मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागेल, आणि ती संसदेत मागायची तर पहिला आवाज महाराष्ट्राच्या खासदारांचा असायला हवा.