हत्तिणीच्या पायाखाली

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यात जोतिबाचा डोंगर आहे. त्याच तालुक्यात, वारणेच्या काठी, तात्यासाहेब कोरे यांनी सहकारावर उभं केलेलं वारणानगर आहे. 2007 मध्ये आमदार विनय कोरे यांनी जोतिबाला एक हत्ती अर्पण केला. त्याचं नाव सुंदर. हत्ती देवाचा, पण त्याचा मुक्काम पुढे वारणानगर परिसरातल्या शेडमध्ये होता आणि पायात साखळी होती. प्राणिमित्रांच्या 'पेटा' या संस्थेनं तक्रार केली, 2012 मध्ये त्याला सोडण्याचा सरकारी आदेश निघाला, पण अंमलबजावणी रखडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. अखेर जून 2014 मध्ये सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. हत्तीच्या हिशेबानं पोरगाच.

म्हाताऱ्या जनावरांच्या सांधेदुखीचा विचार या पोरापासून सुरू करायचं कारण आहे. सांधे दुखतात म्हातारपणी, पण झिजायला लागतात तरुणपणी. हत्तीच्या टाचेखाली चरबीची जाड गादी असते. ती माती, वाळू, चिखल तुडवत मैलोन्‌मैल चालण्यासाठी घडलेली आहे. तोच पाय सिमेंटवर, दोन-चार हातांच्या साखळीत, स्वतःच्याच मूत्रानं ओल्या झालेल्या जागी वर्षानुवर्षं उभा राहिला की नखं वाढतात, तळवा सडतो. दुखऱ्या पायावरचा भार जनावर दुसऱ्या पायावर टाकतं, मग तोही पाय जातो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजत जाते आणि एकदा झिजलेली कूर्चा पुन्हा नीट भरून येत नाही. बंदिवासातल्या हत्तींच्या मरणाच्या मोठ्या कारणांत पायांचे आणि सांध्यांचे विकार येतात ते असे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात, 1992 पासून महादेवी नावाची हत्तीण होती. लोक तिला प्रेमानं माधुरी म्हणत. 16 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि जुलै संपण्याआधी ती गेलीसुद्धा. तिला निरोप देताना माणसं ढसाढसा रडली. नंतर हजारोंचा मूक मोर्चा नांदणीहून कोल्हापूरला चालत आला आणि 'वनतारा' चालवणाऱ्या उद्योगसमूहाचा निषेध म्हणून गावागावांतून त्याच्या मोबाइल कंपनीची सिमकार्डं बदलली गेली. एका बाजूनं तिच्या जखमा, वाढलेली नखं, सांध्यांचा आजार यांचे अहवाल पुढे येत होते. दुसऱ्या बाजूनं मठ सांगत होता की तिची सेवा नीट होत होती, ती आमच्या घरचीच आहे. दोन्ही बाजू तिच्यावरच्या प्रेमाची ग्वाही देत होत्या. हत्तिणीला काय वाटतं हे विचारायची सोय नव्हती. कळपात राहणारं जनावर दुखणं सहसा दाखवत नाही, कारण जंगलात लंगडणारा आधी मरतो.

भक्तांचं रडणं खोटं होतं असं म्हणणं हा उद्धटपणा होईल. पण प्रेम खरं असलं म्हणून पायाखालची फरशी मऊ होत नाही. भक्ती विचारते, ही कुणाची? सांधा विचारतो, मी कशावर उभा आहे? गंमत अशी की तंटा निवळायला लागला तो दुसऱ्या प्रश्नाशी आल्यावर. ऑगस्टमध्ये नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यात होतं काय? सांध्यांना आराम पडावा म्हणून जलोपचाराचं तळं, टेकून झोपायला मऊ वाळूचे ढिगारे, रबरी फरशी, साखळीविना फिरायला मोकळी जागा.

हे सगळं आधुनिक पशुवैद्यकाचं आहे आणि धर्माला परकं आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच दोष मोजून सांगितले आहेत: जिवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याचा अवयव छाटणं, त्याच्यावर अति ओझं लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. पाचांपैकी दोन, बंधन आणि ओझं, थेट सांध्यांवर घाला घालतात. भारताच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आखूड किंवा जड साखळी आणि अति ओझं हे गुन्हे आहेत. संसदेला जे विसाव्या शतकात सुचलं, ते श्रावकांच्या आचारसंहितेत दीड हजार वर्षांहून अधिक काळ पडून होतं.

इथं एक जुनी शंका हमखास येते. जनावर भोगतं ते त्याच्या पूर्वकर्माचं फळ. मग मध्ये पडणारे आपण कोण? शंका वरवर नम्र दिसते, पण ती दुसऱ्याच्या दुखण्यालाच लावली जाते. स्वतःचा गुडघा धरला की तोच माणूस कर्माचा हिशेब न मांडता हाडवैद्याकडे जातो. त्याच तत्त्वार्थसूत्रानं तर जिवांचं कामच एकमेकांना साहाय्य करणं हे आहे, असं सांगून ठेवलं आहे.

खरी अवघड शंका वेगळी आहे. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, बरं होण्याची आशा उरली नव्हती. गांधींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याला मरण दिलं. अहिंसेच्या पुजाऱ्यानं गोहत्या केली म्हणून संतापाची पत्रं आली, त्यांत जैनांचीही होती. गांधींनी 'नवजीवन'मधून जाहीर उत्तर दिलं आणि आपला निर्णय मागे घेतला नाही. आज एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या अल्सेशियनचे मागचे पाय कायमचे गेले, तो जागेवरच घाण करू लागला की घरातल्यांपुढे तोच पेच उभा राहतो. त्याचं एकच उत्तर नाही. पण या टोकाला येण्याआधी सात-आठ वर्षं हातात असतात आणि ती बहुधा लाडात जातात.

वारकरी परंपरेतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: कुत्र्यानं भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. संतांची दृष्टी थोर. मात्र घरच्या लॅब्रेडॉरच्या बाबतीत वाटी खाली ठेवलेली बरी. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉरांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. ते सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्यावर सांधेदुखीचे उपचार सुमारे तीन वर्षं उशिरा सुरू करावे लागले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त ताटात कमी. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा चटई, वेळच्या वेळी कापलेली नखं, एकदम पळवण्याऐवजी रोजचं बेताचं चालणं, पोहायला मिळालं तर उत्तम. मांजराचं दुखणं याहून लपलेलं. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली, आणि घरातल्यांची समजूत काय, तर म्हातारी आळशी झाली, आता फळीवर उडी मारत नाही. यावर मायेनं आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल चारणं म्हणजे तिला विष देणं; मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

वारणा खोऱ्यात मात्र घरचं जनावर म्हणजे आधी म्हैस, गाय आणि बैल. दूध संघाच्या भरवशावर गोठे वाढले, कोबे झाले. धुवायला सोपा म्हणून कोबा आवडतो, पण जड अंगाची होल्स्टिन गाय दिवसभर त्यावर दाव्याला उभी राहिली की खुरं आणि गुडघे बोलू लागतात. रबरी मॅट हा एक उपाय. जिथं जागा आहे तिथं मुक्त गोठा करतात: दावं नाही, मातीचं आवार, जनावर हवं तिथं बसतं. तो बांधायला पक्क्या गोठ्यापेक्षा स्वस्त पडतो, तरी अजून पुष्कळांना तो गबाळा वाटतो. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, हळद-तुपानं खांदे चोळतात. जुवाखाली कुठं दुखतं हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे याची ही साक्ष. फक्त वर्षातून एकदा.

2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात बरंच बोललं गेलं. थकलेला, लंगडा बैल पुढची काही वर्षं कशावर बसेल, कोण उठवेल आणि त्याच्या वैरणीचा खर्च कोण करील, हे फार कुणी विचारलं नाही. पांजरपोळांत जागा मोजकी.

अशा भाकड, लंगड्या जनावरांसाठी नव्वदच्या दशकात एक स्वस्त औषध खेडोपाडी पोचलं: डायक्लोफेनॅक. सुई टोचली की जनावर उठून उभं राही. ती दयाच होती. पण सुईनंतर थोड्या दिवसांत मेलेल्या जनावराचं मांस गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडत आणि यकृतावर, हृदयावर यूरिक अॅसिडचे पांढरे थर बसत, म्हणजे गाउटच. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण उलगडलं 2004 मध्ये. मुंबईत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो त्या डुंगरवाडीवर गिधाडंच येईनात, तेव्हा तिथं सौर परावर्तक बसवावे लागले. बैलाच्या गुडघ्याची कणव एका धर्माच्या अंत्यसंस्कारापर्यंत पोचली.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तरीही गोठ्यात शिरत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटलीचा आकारच एका मात्रेपुरता केला गेला. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम दुकानात मिळतं, त्यानंही सूज उतरते. बैलाला सुई टोचून घेताना बाटलीवरचं नाव वाचायला मात्र चष्मा लावावा लागतो.