जाहिरातीखाली सही नसते

जुनी मासिकं चाळताना कधी लक्ष गेलंय का? जाहिरातीच्या कडेला, उभ्या बारीक अक्षरांत एजन्सीचं नाव आणि एक आकडा असतो. तेवढाच पुरावा. कवितेखाली कवी असतो, व्यंगचित्राच्या कोपऱ्यात सही असते. जाहिरातीची ओळ मात्र लोकांच्या तोंडी तीस-तीस वर्षं राहते आणि ती लिहिणाऱ्याला लिफ्टमध्येसुद्धा कोणी ओळखत नाही.

मग त्याने नोकरी कशी मिळवायची? स्वतःच सांगत सुटायचं की हे मी केलं.

मी तेच केलं. लातूरहून मुंबईला आले तेव्हा या धंद्यात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. कॉलेजच्या दोन वर्षांत मी फोनवर ब्लॉग लिहायचे. एसटी स्टँडच्या भिंतीवरची रंगवलेली जाहिरात का लक्षात राहते, चपलांच्या दुकानाच्या पाटीत काय गंमत आहे, असलं काहीबाही. त्यातलं एक कुणीतरी वाचलं, बोलावलं, आणि मी कॉपीरायटर झाले. त्यामुळे ‘स्वतःचा ढोल स्वतः बडवू नये’ असं कोणी शिकवायला लागलं की मला आधी त्याचा मामा काय करतो ते विचारावंसं वाटतं. ज्याच्यासाठी ढोल बडवायला घरचेच बसलेत त्याला विनय परवडतो.

अशा वेळी अरुण कोलटकरांचं नाव हमखास पुढे येतं. जे. जे.मध्ये शिकलेला, जाहिरातक्षेत्रातला कॅग पुरस्कार सहा वेळा मिळवलेला माणूस. पण घरी फोन नाही. भेटायचं तर गुरुवारी काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये जायचं. ‘जेजुरी’ १९७६ची, मराठी कवितांचा पहिला संग्रह १९७७चा, आणि पुढचे मराठी संग्रह थेट २००३ला. मलाही हे थोर वाटतं. पण तेव्हाच्या मुंबईत काम बोलायचं, कारण ते ऐकणारे चार गल्ल्यांत भेटायचे, असं मला वाटतं. आज लातूरच्या पोरीचं काम आपण होऊन किती बोलेल?

दुसऱ्या टोकाला डेव्हिड ओगिल्वी. १९४८मध्ये न्यूयॉर्कला एजन्सी काढली, १९६३मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अॅन अॅडव्हर्टायझिंग मॅन’ लिहिलं, आणि नंतर स्वतःच सांगून टाकलं की ते पुस्तक नवे क्लायंट मिळवायला लिहिलं होतं. लपवाछपवी नाही. त्यांची १९५८ची रोल्स-रॉइसची जाहिरात आजही शिकवतात. तिचा मथळा असा, की ताशी साठ मैलांच्या वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज असतो तो घड्याळाचा. या मथळ्याखाली जो मजकूर आहे त्यातला पहिलाच मुद्दा सांगतो की हे निरीक्षण ‘द मोटर’ साप्ताहिकाच्या तांत्रिक संपादकाचं आहे. म्हणजे एवढा स्वतःचा डंका पिटणारा माणूस, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या ओळीचा उगम जाहिरातीतच छापलेला.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आमच्याकडे एका इन्व्हर्टरचं काम आलं होतं. सगळे अडकलेले. स्टुडिओत लेआउट लावणारे एक काका होते, निवृत्तीला आलेले. माऊस हलवता हलवता ते म्हणाले, “आमच्या साडूकडे इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की त्याला शेजाऱ्यांकडून कळतं.” मी हसले, चहा घेतला, जागेवर आले आणि लिहिलं: ‘लाइट गेली? शेजाऱ्यांनी सांगितलं.’

जाहिरात चालली. मग मी तिच्यावर लिहिलं. लातूरचं लोडशेडिंग, कंदिलाच्या काचेवरची काजळी, पुठ्ठ्याने वारा घालणारी आजी, आणि त्या अंधारातून मला ही ओळ कशी सापडली. यातला एकेक तपशील खरा आहे. आजी खरी, काजळी खरी. फक्त ओळ तिथून आली नव्हती. तो लेख खूप फिरला आणि त्याच्यावर मला पुढची नोकरी मिळाली.

कायद्याने मी चोर नाही. एवढ्याशा ओळीला सहसा कॉपीराइट मिळत नाही. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम. पण त्याच कायद्यातलं ५७वं कलम म्हणतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केलंय’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. मालकी जाते, कर्तेपण जात नाही. मला ते कलम वाचून बरं वाटायला हवं होतं, कारण आम्हा बिनसहीच्या लोकांच्या बाजूचंच ते आहे. पण वाचताना डोळ्यांसमोर काका आले.

‘आम्ही’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? खरं सांगायचं तर बिघडलं असतं. ‘आम्ही’ला कोणी इंटरव्ह्यूला बोलावत नाही. आर्ट डायरेक्टर, सर्व्हिसिंगवाला, क्लायंटच्या ऑफिसात एक शब्द बदलायला लावणारी बाई, स्टुडिओ, या सगळ्यांचं मिळून काम होतं आणि पोर्टफोलिओ मात्र एकेकट्याचा असतो. त्यामुळे एकाच जाहिरातीचे चार-पाच बाप फिरत असतात आणि प्रत्येक जण थोडाथोडा खरा असतो.

काकांना तीन वर्षांनी भेटले, त्यांच्या निरोप समारंभात. वडे-कॉफी चालू असताना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “कुठली ओळ?”

हे मी धरलंच नव्हतं. देणेकरीच विसरला तर देणं फिटतं का? मला हलकं वाटलं नाही, उलट जास्तच लाज वाटली. फोनवर तो लेख काढून दिला. त्यांनी चष्मा वर करून, बोटाने सरकवत, अख्खा वाचला. आजीपाशी थांबले.

“लातूरला खरंच इतकी लाइट जायची?”

“हो.”

“साडूला दाखवतो. म्हणावं, तुझी जाहिरात झाली.” आणि हसायला लागले. “माझं नावबिव टाकू नको हां. ओळ त्याची आहे, मी नुसती सांगितली.”

घरी येऊन लेख दुरुस्त केला. आजी ठेवली, कंदील ठेवला. खाली लिहिलं की ही ओळ आमच्या स्टुडिओतल्या काकांनी त्यांच्या साडूबद्दल बोलताना सहज म्हटली होती. दुरुस्ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

परवा एका इंटरव्ह्यूत समोरच्याने तो लेख शेवटपर्यंत वाचलेला निघाला. त्याने विचारलं, “मग यात तुम्ही नेमकं काय केलंत?”

“शब्द कमी केले,” मी म्हटलं, “आणि प्रश्नचिन्ह घातलं.”

अजून फोन आलेला नाही.