खाडाखोड

१९०० साली रवींद्रनाथ ठाकुरांनी जगदीशचंद्र बसूंना लिहिलेल्या एका पत्रात मोठी मजेची कबुली आहे. हल्ली चित्रांची वही घेऊन बसतो, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतं, तेव्हा राफाएलने थडग्यात निश्चिंत पडून राहायला हरकत नाही, अशा अर्थाची. रवींद्रनाथ तेव्हा चाळिशीला आले होते. कवी म्हणून त्यांचं नाव झालं होतं. आणि घरातच, जोडासांकोच्या वाड्यात, नात्याने पुतण्या लागणारे अवनींद्रनाथ चित्रकलेत मुरत चालले होते. अशा घरात काकांनी हौस म्हणून पेन्सिल धरायची म्हणजे संकोच आलाच. पुढची वीसेक वर्षं चित्रांशी त्यांचा संबंध फुटकळच राहिला.

मग आलं १९२४. पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, ब्युनॉस आयरिसजवळ, व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’तल्या कविता तेव्हा लिहून होत होत्या. त्या हस्तलिखिताची पानं छापलेली पाहायला मिळतात, ती जरूर पाहावीत. एखादा शब्द पटला नाही म्हणून त्यावर शाई फिरवलेली असते. दोन ओळी खाली आणखी एक शब्द गेलेला. मग त्या दोन काळ्या ठिपक्यांना एक रेघ जोडते, रेघेला बाक येतो, बाकाला चोच फुटते. पानाच्या कडेला धड पक्षी नाही, धड साप नाही असं एक जनावर उभं राहतं आणि राहिलेली कविता त्याच्या पोटाखालून वाट काढते. ओकाम्पोबाईंना या वहीने भुरळ घातली. पुढे १९३०च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते ओकाम्पोबाईंच्याच खटपटीमुळे. चित्रकार एकोणसत्तर वर्षांचा होता. १९४१ साली गेले तोवर दोन हजारांहून अधिक चित्रं झाली होती.

ही गोष्ट आपल्याकडे ‘प्रतिभावंताला काय अशक्य?’ या सुरात सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्यांची स्वतःविषयीची शंका गेली कुठे, हा खरा प्रश्न आहे. आणि माझ्या मते ती कुठेच गेली नव्हती. आपल्याला चित्रकलेचं शिक्षण नाही, हे ते स्वतःच सांगत. चित्रांना नावं देण्याचंही त्यांनी टाळलं. आधी युरोप पाहून घेतला, कोलकात्यात मोठं प्रदर्शन झालं ते १९३१च्या अखेरीला. घरच्या माणसांची धास्ती नोबेल मिळालेल्यालाही असते.

फरक पडला तो दुसरीकडे. कवितेत काय चांगलं आणि काय टाकाऊ हे त्यांच्या कानाला पन्नास वर्षांच्या सवयीने कळत होतं, म्हणून तर शब्द खोडला जात होता. पण खोडलेल्या शब्दाचं पुढे काय करायचं, याचा नियम कुणीच केलेला नव्हता. ‘उत्तम खाडाखोड’ म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिथे शंकेला बोलायला जागाच उरली नाही, आणि हात मोकळा सुटला.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यावर पेटी शिकायला जातात. चाळीसेक वर्षं सवाई गंधर्व महोत्सव न चुकवलेला माणूस. पहिले काही महिने भाता ओढला की चेहरा कसनुसा व्हायचा. शेजारी बसणाऱ्या शाळकरी पोराला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो बिनधास्त ‘ग प ध सां’ वाजवून मोकळा व्हायचा. हे मात्र धैवतावर अडखळायचे, कारण तो कसा लागायला हवा होता ते त्यांच्या कानात पक्कं बसलेलं. म्हणजे त्यांची शंका ही त्यांच्या रसिकतेचीच दुसरी बाजू. ती काढून टाकायची तर चाळीस वर्षांचं ऐकणंही काढून टाकावं लागेल.

म्हणून आत्मविश्वास वाढवून देणाऱ्या शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘तुम्ही करू शकता’ असं तीनदा मोठ्याने म्हटल्याने धैवत जागेवर लागत नाही. शिवाय कधी कधी शंका बरोबरच असते, हेही मान्य करायला हवं. या गृहस्थांचा भूप अजून बेताचाच आहे. पण हल्ली ते शिक्षक येण्याआधी अर्धा तास जाऊन बसतात आणि जुन्या नाट्यपदांच्या चाली नुसत्या चाचपडत शोधतात. कुणी ऐकत नसतं, चुकलं तरी गृहपाठात धरत नाहीत. चेहरा खुलतो तो त्या अर्ध्या तासात.

पु. ल. देशपांडे १९७० साली, पन्नाशी गाठल्यावर, बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, तेही मला याच जातीचं वाटतं. मराठीत त्यांच्या एकेका वाक्यावर सभागृह कोसळत होतं. तिथे मात्र ते मुळाक्षरांपासून गिरवणारे विद्यार्थी. ‘वंगचित्रे’ वाचताना त्या विद्यार्थीपणाची त्यांना किती मजा येत होती, ते लपत नाही. नाव जिथे कामाला येत नाही, तिथे नाव राखायची काळजीही नसते.

यावर कुणी म्हणेल, मग हे पळ काढणंच झालं. ज्या कामात शंका येते ते बाजूला ठेवून भलत्याच ठिकाणी खेळत बसायचं. तसं होऊ शकतं, होतंही. पण रवींद्रनाथांनी कविता बाजूला ठेवली नव्हती. चित्रांच्या ऐन भरात, १९३२ साली, ‘पुनश्च’ आला. आयुष्यभर छंद आणि यमकं लीलया हाताळलेल्या कवीने त्यात गद्याची लय धरली. हे चित्रांमुळेच घडलं, असं छातीठोकपणे म्हणणं बरोबर नाही. पण १९३७ सालचं ‘खापछाडा’ पाहा. मुलांसाठीच्या अचाट, अर्थहीन कवितांचं हे पुस्तक, आणि त्यातली वेडीवाकडी चित्रंही कवीचीच. इथे शब्द खोडून चित्र काढायची गरज उरलेली नाही. दोघं एकाच पुस्तकात शेजारी बसून दंगा करताहेत, आणि कर्त्याने पंचाहत्तरी ओलांडली आहे.