परक्याचें गाणें

परदेशी मनुष्य हिंदुस्थानी संगीत शिकूं लागला म्हणजे आपल्या सुशिक्षित मंडळींत दोन उद्गार हटकून ऐकूं येतात. "साहेबानेंही अखेर आपली थोरवी ओळखली" हा एक. आणि "कितीही घोटलें तरी तें रक्तांतच असावें लागतें" हा दुसरा. दोहोंतही अभिमान आहे. शिकणाऱ्याच्या कष्टांची कल्पना मात्र कोठेंच नाहीं.

रक्ताचीच गोष्ट काढावयाची तर ख्याल तरी महाराष्ट्राच्या रक्तांत कधीं होता? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घर सोडून उत्तरेकडे गेले, वासुदेवबुवा जोशी यांची त्यांनीं सेवा केली, आणि मग ग्वाल्हेरची गायकी इकडे रुजली. दुसऱ्याच्या दारीं बसून मिळविलेल्या विद्येवर आपण जन्मसिद्ध हक्क सांगावा हें फारसें शोभत नाहीं.

तथापि पाश्चात्त्य वादकाची अडचण बुवांच्या अडचणीहून बिकट आहे. त्याची पाटी अगोदरच भरलेली असते. पियानोचा गंधार तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षां अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो, आणि जन्मभर पियानोवर पोसलेल्या कानाला तोच खरा वाटतो. शिवाय समोरचा लिहिलेला कागद येथें नाहींसा होतो. स्वतःच्या विद्येंत नांव मिळविलेल्या प्रौढ माणसानें पुन्हां महिनोन्‌महिने एका षड्जावर बसावें काय? धनाचा अहंकार सोडणारे पुष्कळ सांपडतात. विद्येचा सोडणारे थोडे, आणि आम्हां प्राध्यापकांत तर फारच थोडे.

अंबरनाथच्या शिवमंदिरांत हा प्रश्न मला विशेष जाणवतो. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील हें देऊळ. त्याच्या बाहेरील भिंतींवरची शिल्पें पाहण्यांत अख्खा दिवस जावा. परंतु गाभारा जमिनीच्या पातळीखालीं आहे. देवापाशीं जावयाचें तर पायऱ्या उतराव्या लागतात.

संगीतांतही दोन्ही प्रकारचे यात्रेकरू आले. वॉल्टर कॉफमन हे मध्य युरोपांतील संगीतकार १९३४ सालीं मुंबईस आले आणि १९४६ पर्यंत येथें राहिले. ह्या संगीताचा त्यांनीं चिकाटीनें अभ्यास केला व १९६८ सालीं उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंत इतक्या बारकाईनें पाहणाऱ्यास मीं उणा लेखणार नाहीं. आपल्यांतील किती जणांनीं तेवढी तरी पाहिली आहे?

नॅन्सी लेश ही अमेरिकन चेलोवादिका मात्र पायऱ्या उतरली. पनवेलजवळ पळस्प्यास ज्यांचें गुरुकुल आहे, त्या रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ती ध्रुपद शिकली आणि तें आपल्या चेलोवर वाजवूं लागली. अशा वादकास आपण सवलतीची टाळी देतों, ती मला अपमानास्पद वाटते. गंधार उतरला असेल तर उतरला म्हणावें. घरच्या मुलास आपण तसेंच म्हणतों.

आणि उतरतांना तिनें सर्वच मागें ठेवलें असेंही नाहीं. वीणेचा नाद छेडल्याबरोबर विरूं लागतो. चेलोचा गज तोच नाद हवा तितका वेळ धरून ठेवतो. आलापींतला तो लांबलेला मंद्र षड्ज युरोपांत घडलेल्या वाद्याचा आहे, आणि ध्रुपदाला तो परका वाटत नाहीं.