दुसऱ्याच्या नावाचा त्याग

सावेडी हे एके काळी नगर शहराबाहेरचे शेतीवाडीचे खेडे होते. आज ते जुन्या पेठांतील वाडे सोडून नव्या सदनिकांत राहावयास आलेल्या कुटुंबांचे उपनगर झाले आहे. अशा स्थलांतरात देव आणि भांडीकुंडी सोबत येतात. परंतु आजोबांच्या ट्रंकेतील गहाणखते, मजुरीचे दाखले, मोडीतील टिपणे आणि ज्यांतील चेहरे आता कुणास ओळखता येत नाहीत अशी छायाचित्रे बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्याविषयी हळहळणाऱ्यास घरातील एखादे विचारी माणूस प्रश्न करते, आणि तो उडवून लावण्यासारखा खचित नाही: जेथे देहाची राख होते आणि नामरूप मायिक मानले आहे, तेथे मृतांचे कागद जपणे ही आसक्तीच नव्हे काय?

आपल्या धर्मविधींनीही स्मृतीला मर्यादा घातलेली दिसते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचा उच्चार वसु, रुद्र व आदित्य या रूपांनी होतो. त्यापलीकडचा पूर्वज आपले नाव टाकून पितृगणांत मिसळतो. पण तेच श्राद्ध करणारा यजमान त्र्यंबकेश्वरी गेला, की तीर्थोपाध्याय जुनी वही उलगडून त्याच्या घराण्यातील कितीतरी मागच्या पुरुषाची नोंद त्याच्यापुढे ठेवतो. विधीने सोडलेले नाव वहीने धरून ठेवलेले असते, आणि यात मला विसंगती वाटत नाही. कारण मृताला मोकळे करणे हे एक कर्तव्य आहे आणि जिवंताने आपले ऋण ओळखणे हे दुसरे.

खरा पेच याच्या पुढे आहे. ज्यांना वही होती त्यांची नावे राहिली. ज्यांना नव्हती त्यांचे काय? पुण्यास पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले; त्याआधी, १८९८ पासून, विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली इतिहासाची साधने खंडाखंडांनी छापली. या थोर उद्योगाविषयी मनात कृतज्ञताच आहे. तथापि त्या कागदांत सरदार, सावकार आणि इनामदार बोलतात, आणि वेठीला धरलेला मनुष्य बहुधा हिशेबातील एका रकमेपुरता उरतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, आणि येथील महार-मांग कुटुंबांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांविषयी मिशनऱ्यांनी जे आपल्या देशास लिहून धाडले ते अमेरिकन बोर्डाच्या कागदपत्रांबरोबर आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात सुरक्षित आहे. म्हणजे ज्याचा पूर्वज गावकुसाबाहेर राहिला, त्याने आपल्या घराण्याचा माग काढण्यासाठी समुद्रापलीकडे जावे, आणि तेथेही तो परक्याच्याच दृष्टीने पाहिलेला वाचावा!

नगर शहरातीलच पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना कुलपुरुष मानतो. तेलुगू मुलखातून आलेल्या या विणकरांच्या घरांतील कितीतरी बायांनी पुढे विडीचे सूप मांडीवर घेतले. टेंभुर्णीचे पान कापावे, तंबाखू भरावी, दोरा गुंडाळावा, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळावी, असे त्यांचे आयुष्य गेले. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला व १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला, तेव्हा कामगाराचे ओळखपत्र आणि कामाची नोंद यांना मोल आले. इनामदाराच्या घरी सनदेला जो मान, तोच त्या मळकट ओळखपत्राला मिळाला पाहिजे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. कारण तिने काम केले, ती होती, याचा तेवढाच लेखी पुरावा अनेकदा मागे उरतो. सोळाव्या वर्षी मृत्यूला परतवून चिरंजीव झालेल्या ऋषीच्या कुळातील बाईचे नाव दोन पिढ्यांत पुसले जावे, याचे दुःख वाटणे ही आसक्ती नव्हे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचाच करता येतो. स्वतःचे नाव सोडणारा विरक्त होय. दुसऱ्याचे नाव सोडून देणारा केवळ निष्काळजी, आणि ते नाव दुबळ्याचे असेल तर अन्यायी. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर शतपथ ब्राह्मणाने मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते आपल्या गोत्रापुरते नाही. याच जिल्ह्यात नेवाशास सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती अशुद्ध झालेल्या पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची पाठशुद्धी केली. स्वतः समर्थ कवी असून त्यांनी दुसऱ्याचा शब्द राखला, आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. नाथांच्या वैराग्याला या कामाने उणेपणा आला असे कोण म्हणेल?

मात्र राखणदाराचाही धर्म आहे. कागदांत कर्ज असते, मोडलेला संसार असतो, जातीवरून केलेला अपमान असतो. ज्यांच्या घरचे ते आहे त्यांच्या संमतीवाचून ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार संशोधकालाही नाही. काही पुडकी एखादी पिढी बंद राहिली तरी हरकत नाही. पण ती राहिली पाहिजेत.

म्हणून सावेडीतील आणि सावेडीसारख्या प्रत्येक वस्तीतील वाचकांना माझी विनंती आहे, की या दिवाळीची साफसफाई करताना जुनी ट्रंक आधी घरातील सर्वांत वृद्ध माणसापुढे उघडावी, छायाचित्रांच्या पाठीवर नावे, गाव आणि काम पेन्सिलीने लिहावे, आणि आपल्याला सांभाळणे होत नसेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात चौकशी करावी.