आत्मनिष्ठा, उपजीविका आणि लेखनाचे सातत्य

लेखनाचे सातत्य ही सामान्यतः शिस्तीची किंवा प्रतिभेची बाब मानली जाते. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. लेखक दीर्घकाळ लिहीत राहतो तेव्हा तो कोणाशी बांधील असतो? सातारा-सांगली परिसराशी नाते असलेल्या तीन लेखकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल.

सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे बा. सी. मर्ढेकरांचे मूळ गाव. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकात त्यांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेला, म्हणजे स्वतःच्या अनुभवाशी राखलेल्या प्रामाणिकपणाला, मध्यवर्ती स्थान दिले. ही भूमिका शेवटपर्यंत नेली तर, अनुभवाची निकड नसताना न लिहिणे हेही लेखकाचे कर्तव्य ठरते. मर्ढेकरांची मोजकी कविता या भूमिकेशी सुसंगत आहे. मात्र त्यांची उपजीविका आकाशवाणीच्या नोकरीवर होती, कवितेवर नव्हती. मौनाचे स्वातंत्र्य त्यांना उपलब्ध होते.

वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांना ते नव्हते. गिरणीतील मजुरी आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी अशा परिस्थितीत त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्ये आणि पोवाडे लिहिले. या विपुलतेत घाई आणि पुनरावृत्ती आहे, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यावरून आत्मनिष्ठेचा अभाव सिद्ध होत नाही. ‘फकिरा’मधील (१९५९) भुकेचा अनुभव एकट्या लेखकाचा नसून समूहाचा आहे. जेथे ‘स्व’ समूहापासून वेगळा काढता येत नाही, तेथे गप्प राहणे ही निष्ठा न ठरता प्रतारणा ठरू शकते.

आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्यापुढील पेच निराळा होता. आकाशवाणीच्या नोकरीमुळे त्यांनाही स्थैर्य लाभले. पण ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) यांच्या यशानंतर तोच प्रदेश, त्याच लकबी पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह स्वाभाविक होता. तसे झाल्यास गावची माणसे केवळ कच्चा माल उरतात. पुढे ‘सत्तांतर’मध्ये ते वानरांच्या टोळीकडे वळले, तेथे त्यांनी विषय बदलला, पण निरीक्षणाची निष्ठा सोडली नाही.

तात्पर्य, लेखनाचे सातत्य पुस्तकांच्या संख्येने मोजता येत नाही. स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिकपणा, ज्यांच्या आयुष्यावर लेखन उभे राहते त्यांच्याविषयीचे उत्तरदायित्व आणि दृष्टी शिळी होऊ न देण्याची दक्षता, या तिन्हींचा मेळ प्रत्येक लेखकाला आपापल्या परिस्थितीत घालावा लागतो. समीक्षेचीही येथे एक जबाबदारी आहे. कमी लिहिणाऱ्याच्या संयमाचा गौरव करताना आणि अधिक लिहिणाऱ्याच्या घाईवर बोट ठेवताना, त्या दोघांच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे तिने आधी विचारले पाहिजे. या प्रश्नाने कलाकृतीचे मूल्य ठरणार नाही. परंतु लेखकाच्या निष्ठेविषयीचा निवाडा मात्र अधिक न्याय्य होईल.