पडदा घरात, खेळ दुसरीकडे



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. कोणतंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात, असं भगवंत तिथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे देह, मग कर्ता, मग करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, मग वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. पुढे सोळाव्या श्लोकात ते म्हणतात की, एवढं सगळं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही.

वाचायला सोपं वाटतं, पण रोजच्या जगण्यात हे पटवून कसं घ्यायचं? मला त्याचं उदाहरण इथे वाकडमध्येच मिळालं, आणि तेही पोरांच्या व्हिडिओ गेममध्ये.

माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याच्याकडे थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप, एक्सेलची मोठी फाइल उघडली तरी धापा टाकणारा. त्यावर हा गाड्यांच्या शर्यतीचा भलामोठा गेम खेळत होता, आणि तोही अगदी गुळगुळीत चाललेला. विचारलं तर म्हणाला, "मामा, गेम यावर चालतच नाही."

खरंच चालत नाही. गेम चालतो दूरच्या एका ताकदवान संगणकावर. तिथे सेकंदाला साठ चित्रं तयार होतात, व्हिडिओसारखी दाबून लहान केली जातात आणि इंटरनेटवरून इकडे येतात. लॅपटॉपने फक्त दोन कामं करायची : आलेली चित्रं दाखवायची आणि पोराने दाबलेली बटणं तिकडे कळवायची. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद येतात. वायफाय जरा अडखळलं की गाडी वळायच्या आधी भिंतीवर! काही जण हे घरातल्या घरातही करतात. आतल्या खोलीतल्या दणकट संगणकावर 'सनशाइन' आणि हातातल्या जुन्या लॅपटॉपवर 'मूनलाइट', दोन्ही मोफत.

आपण याला 'क्लाउड' म्हणतो, पण ते काही ढगात नसतं. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' नावाचं क्लाउड केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. अलीकडे याच कंपनीने पिंपरी वाघेरे आणि हिंजवडीत जमिनीही घेतल्या. म्हणजे ढग म्हणजे शेवटी जमीन, वीज, थंडगार ठेवलेल्या खोल्या, आणि तिथे रात्रपाळी करणारी माणसं.

तर सोसायटीतला एक मुलगा भाच्याला म्हणाला, "तुझ्या डब्यात आहे काय? सगळं दुसऱ्याचं!" त्या मुलाच्या घरी महागडं ग्राफिक्स कार्ड लावलेला संगणक आहे. भाच्याचा चेहरा पडला. रात्री जेवताना त्याने विचारलं, "मामा, मग खेळतो कोण? मी की तो सर्व्हर?"

प्रश्न पोराचा होता, पण आपल्या सगळ्यांना लागू आहे. उसन्या बळावर केलेलं काम आपलं म्हणायचं का?

आधी त्या दुसऱ्या मुलाचं बघू. त्याचं कार्ड वडिलांच्या पगारातून आलं. वीज महावितरणची. गेम लिहिणारे शेकडो लोक त्याने कधी पाहिलेले नाहीत. सर्व्हर त्याच्या टेबलाखाली आहे आणि भाच्याचा दूर आहे, एवढाच फरक. उसनेपणा दोघांकडे सारखाच, फक्त भाच्याला तो दिसतो. आणि दिसतो हे चांगलंच आहे! ज्याला आपलं बळ कुठून येतं ते दिसतं, त्याला गर्व करायला जागा कमी राहते.

पण याची दुसरी बाजूही आहे. उसनं घेतलेलं कधीतरी परत जातं. गूगलची 'स्टेडिया' नावाची अशीच सेवा २०१९ साली सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडली. कंपनीने गेम विकत घेणाऱ्यांचे पैसे परत केले. पण त्या मंचावरचं त्यांचं खेळघर संपलं ते संपलंच. उरलं काय? बोटांत आलेली सफाई, नजरेला लागलेलं वळण, हरल्यावर पुन्हा सुरुवात करायची सवय. देहाचंही असंच आहे ना? हाही एक दिवस परत करायचाच आहे.

मग कोणी म्हणेल, सगळंच दुसऱ्याचं तर माझी जबाबदारी काय? इथे श्लोक नीट वाचावा लागतो. पाच कारणांत कर्त्याचं नाव भगवंतांनी गाळलेलं नाही. सर्व्हर कितीही मोठा असला तरी बटण दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. रात्रीचे दोन वाजेपर्यंत खेळून सकाळी पेपरला पेंगलो, तर तो दोष सर्व्हरवर टाकता येत नाही. यश मिळालं की पाच वाटेकरी आठवावेत, आणि चूक झाली की आधी आपला वाटा शोधावा. आपण बहुधा नेमकं उलटं करतो.

जनाबाईची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ती दळायला बसली की विठ्ठल जात्याला हात लावायचा. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मदत मिळते म्हणून जनाबाई जात्यावरून उठली नाही. आणि दळण झाल्यावर "मी दळलं" असंही म्हणाली नाही. हात आपला चालू ठेवायचा आणि खुंट्याला दुसराही हात आहे हे विसरायचं नाही. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यातच सापडतं. खेळतोस तूच बाळा, पण एकटा नाही.

आज एवढंच करून बघा. दिवसभरात जे काम मनासारखं होईल, त्यामागचे पाच हात मोजा. वीजवाला, रिक्षावाला, डबा भरून देणारी माउली, कोणीही. त्यातल्या एकाला तरी आज तोंडाने "तुमच्यामुळे झालं" म्हणा.

राम कृष्ण हरी.